बघणाऱ्याचा घास

सोमीच्या घरात जेवताना एकच नियम होता, आणि तो कुणी कुणाला शिकवलेला नव्हता. जेवण चालू असताना दारात कुणी उभं राहिलं, मग ती शेजारची जमना असो, विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असो की उंबऱ्यापाशी जीभ काढून बसलेलं कुत्रं असो, त्याच्या नावाचा एक घास ताटातून निघायचा. ज्यानं बघितलं त्याला मिळालं पाहिजे. नाही तर बघणाऱ्याचं मन ताटात अडकून राहतं आणि जेवणाऱ्याच्या पोटात ते दुखतं. मीटरवाला बिचारा एकदा "नको नको, डबा खाऊन आलोय" म्हणत मागं मागं सरकत होता आणि सोमी भाकरीचा तुकडा हातात धरून कुंपणापर्यंत त्याच्या मागं गेली होती. त्यानं तो तिथंच उभ्या उभ्या चावला, तेव्हा कुठं ती परत येऊन ताटावर बसली.

हे सगळं तिची मुलगी सुनिता कॉलेजात रंगवून सांगायची. सगळे हसायचे, तीही हसायची.

सुनिता डहाणूला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. घर कैनाडच्या बाजूला एका पाड्यावर. बाप, लाहू, नारळी पौर्णिमा झाली की गुजरातच्या बंदरावर बोटीवर कामाला जायचा तो होळीला परतायचा. आई चिकूच्या वाडीत मजुरीला. घरात दोघीच. आणि तिसरा फोन.

फोनशिवाय सुनिताचं पान हलत नव्हतं, आणि त्यात तिचा फार दोष होता असंही नाही. सकाळी जीपवाला ग्रुपवर टाकायचा, निघालो. त्यावरून तिनं वेणी घालायला घ्यायची की पळत सुटायचं ते ठरायचं. सरांच्या नोट्स फोनवर, हजेरीचा तक्ता फोनवर, शिष्यवृत्तीची साईट फोनवर, आणि ती साईट मध्यरात्रीनंतरच उघडायची. वर्गात न कळलेलं ती जीपमध्ये यूट्यूबवर दुप्पट वेगानं ऐकायची. पण दोन व्हिडिओंच्या मध्ये अंगठा आपोआप वर सरकायचा. कुणीतरी केस सरळ करून दाखवत असे, कुणीतरी रडत असे, कुणीतरी केक कापत असे, आणि मान वर करून बघावं तर जीप फाट्यावर पोचलेली असायची. अंगठ्याचं पेर दुखायचं. सोमी रात्री खोबरेल लावून ते चोळून द्यायची, जशी कोयता धरून आलेल्या बाईचं मनगट चोळतात तशी.

जेवताना मात्र ताट एकच. जर्मनचं मोठं, कडेला पोचलेलं. लहानपणी सुनिता जेवायची नाही म्हणून सोमी तिला आपल्या ताटात घ्यायची, ते तसंच राहिलं. पोरगी कॉलेजात गेली, ओढणी घ्यायला लागली, पण ताट तेच. अलीकडे सुनिताच्या डाव्या हातात फोन असायचा, उजवा ताटात चाचपडायचा, आणि त्या चाचपडणाऱ्या बोटांपुढं सोमी खेकड्याचं मांस, माशाचा पोटाचा भाग, जे काय बरं असेल ते सरकवून ठेवायची. पोरीला वाटायचं, आपल्याच हाताला बरं बरं सापडतं.

भादव्यात एके दिवशी बांधावरचे खेकडे मिळाले. सोमीनं लालभडक रस्सा केला, नागलीच्या भाकरी थापल्या. सुनितानं फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि बसली.

"आज सिनेमा नाय लावलास?" सोमीनं विचारलं.

"तुझाच काढते."

"माझा? कोण बघील?"

"लोक."

"कुठले गो लोक?"

"सगळे. पुण्याचे, नागपूरचे. कुठले पण."

सोमीचा तोंडाकडं चाललेला हात थांबला. तिनं फोनकडं बघितलं, मग ताटाकडं. मग भाकरीचा चतकोर तुकडा मोडला, खेकड्याची नांगी दातानं फोडून त्यातलं पांढरं मांस त्यावर ठेवलं, मागं टांगलेल्या पळसाच्या पानांतलं एक पान ओढलं आणि ते सगळं नीट फोनपुढं मांडलं. पान थोडं वाकडं झालं होतं, ते सरळ केलं. आणि मग ती जेवायला लागली.

सुनिता इतकी हसली की ठसका लागला. ते हसणं व्हिडिओत आलं. तिनं वर लिहिलं, 'आई मोबाईलला जेवायला वाढते', तीन हसरे चेहरे टाकले आणि झोपली.

सकाळी फोन तापलेला होता, जसा काही रात्रभर ताप भरलेल्या पोराजवळ ठेवला होता. लाखांनी बघितलं होतं. किती गोड. किती भोळी. आजकाल अशी माणसं कुठं. आणि त्याच रांगेत, दोन बदाम आणि एक हसरा चेहरा सोडून खाली: छी, काय खाते ही. शी, तोंड बघा.

सुनितानं बदाम तेवढे वाचून दाखवले.

"मग पुरलं त्यांना?" सोमीनं विचारलं.

"काय?"

"भाकर."

किंजल ही सुनिताची बाकावरची मैत्रीण. डहाणूच्या खाडीकाठची, घरची बोट, आई बाजारात मासळी विकायला बसणारी. किंजलच्या पिशवीला सुकटीचा वास यायचा आणि वर्गात तिच्या पुढंमागं बसणाऱ्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. तिनं सुक्या मासळीचं चॅनेल काढलं होतं. त्याच मुली त्याला बदाम द्यायच्या.

"मोबाईलला वास नाय ना येत," किंजल म्हणायची. "म्हणून मी तिकडंच राहते आता. स्टार झालीस ने तू तर! पार्टी कधी?"

"कसली पार्टी. एकच तर टाकलाय."

"मग दुसरा टाक. आणि ऐक, तुझं ते खी खी काढून टाक त्यातून. लोकांना तू नको आहेस."

"मग काय पाहिजे?"

"तोंड पाहिजे," किंजल म्हणाली. "तोंड आणि आवाज. चावण्याचा, चोखण्याचा. अगं लोक रात्री कानात घालून झोपतात. खरं सांगते, हसू नको. हे घे." तिनं पिशवीतून काळ्या मण्याएवढा माईक काढला. "पदराला अडकव आईच्या. गळ्याजवळ."

सोमीला तो माईक आवडला. मंगळसूत्रातला मणी निसटून पदरावर बसलाय असं दिसतं म्हणाली. पोरीला आपलं जेवण बघावंसं वाटतं, हेच तिला नवल होतं. ती नीट बसायची, आधी तोंड धुवायची. आणि दर वेळी पळसाच्या पानावर बघणाऱ्यांचा घास काढायची.

सुनिता ते पान आता कापून टाकायची. पान पुरे झालं होतं लोकांना. लोक आता दुसरंच मागत होते. अजून जवळून. माशाचं डोकं चोख म्हणा तिला. उंदीर खाते का, विचार ना. मुंग्यांची चटणी दाखव. हात नको धुवू देऊ तिला, असंही कुणी लिहिलं होतं, आणि त्याच्या नावापुढं फुलाचं चित्र होतं.

व्हिडिओ कापायचे म्हणजे कानात इअरफोन घालून बसायचं. जिथं आवाज चांगला तिथं थांबायचं, मागं जायचं, पुन्हा ऐकायचं. नांगी फुटायची. मग रस्सा ओढल्याचा आवाज, ओला, लांब. मग जीभ दातांमागून फिरायची, टाळूला चिकटून सुटायची. घोट गिळताना गळ्यात काहीतरी खाली उतरायचं तेही ऐकू यायचं. सुनिताच्या डोक्याच्या आत, दोन्ही कानांच्या मध्ये, आईचं तोंड येऊन बसलं होतं. मागं जा. पुन्हा. मागं जा. पुन्हा.

आणि एक दिवस ताटावर बसल्यावर तिला इअरफोन न घालताच तो आवाज आला.

तिनं आईकडं बघितलं. सोमी जेवत होती, आयुष्यभर जेवली तशी. ओठाच्या कोपऱ्यात रस्सा. दाढेत अडकलेलं बोटानं काढलं, ते बोट ताटात गेलं, त्याच बोटांनी मांसाचा गोळा सुनितापुढं सरकला. सुनिताच्या जिभेखाली पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. तिनं भात चिवडला आणि पोट भरलंय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला वेगळं वाढ."

"का गो?"

"मी मध्ये येते. कॅमेऱ्यात."

सोमीनं फळीवरून दुसरी थाळी काढली. पुसली. वाढली. पण जेवताना सवयीनं तिचा हात आपल्या ताटातून निघायचा आणि जमिनीवरून वळसा घेऊन पोरीच्या थाळीत काहीतरी ठेवून यायचा. सोललेलं, निवडलेलं. सुनिता ते भाताखाली लपवायची आणि हात धुवायला मागं गेली की कुत्र्यापुढं टाकायची. तिला स्वतःचीच शिसारी यायची, पण आईच्या बोटांची त्याहून जास्त यायची.

एका संध्याकाळी ती डहाणूहून जीपनं निघाली होती. शेजारी एक बापया बसला होता, मांडीवर चामडी पिशवी, हातात वडापाव. चारोटीला उतरून तलासरीची गाडी धरणार होता, ड्रायव्हरला दोनदा विचारून झालं होतं. एका हातानं खात होता, दुसऱ्या हातात फोन. आणि फोनमधून सुनिताला तो आवाज आला. आधी नांगी, मग रस्सा.

तिनं तिरक्या नजरेनं बघितलं. पडद्यावर कुठल्यातरी शहरातला एक गलेलठ्ठ माणूस बसला होता, पुढं परातभर नूडल, तळलेल्या कोंबड्या, हनुवटीवरून ओघळ. वरच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट आणि त्या चौकटीत सोमी. सोमीनं नांगी चोखली की तो माणूस डोळे फिरवायचा, बादली ओढायचा, ओकल्याचा आवाज काढायचा. मग बादली ढकलून पुन्हा दोन्ही हातांनी तोंडात कोंबायचा. सोमी चोखायची, तो ओकायचा, खायचा. शेजारचा बापया हसत होता, हसताना त्याच्या तोंडातला वडा दिसत होता.

"काय काय लोक असतात बघा," तो सुनिताला म्हणाला आणि फोन तिच्याकडं वळवला.

हसता हसता त्याच्या पावातली लाल चटणी सांडली. नेमकी कोपऱ्यातल्या चौकटीवर, सोमीच्या चेहऱ्यावर. त्यानं अंगठा जिभेनं चाटला आणि त्या ओल्या अंगठ्यानं सोमीचा चेहरा पुसला. एकदा पुसून गेलं नाही, म्हणून पुन्हा चाटला आणि पुन्हा पुसला.

"थांबवा," सुनिता ओरडली. "गाडी थांबवा."

"फाटा लांब आहे अजून," ड्रायव्हर म्हणाला.

"ओकारी येतेय."

थांबवली मग. चिकूच्या वाडीच्या तारेला धरून ती ओकली. उरलेला रस्ता चालत आली. आणि घरी येऊन, चुलीपुढच्या आईकडं पाठ करून, तिनं तो व्हिडिओ शोधून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. तो माणूस डोळे फिरवत होता, ओठ मागं खेचत होता, गळा आवळत होता. नाटकच होतं. पण ते तोंड तिच्या ओळखीचं होतं. रोज थाळीवर बसल्यावर तिचं स्वतःचं तोंड आतून असंच व्हायचं.

"फुकटची जाहिरात केली त्यानं तुझी," किंजल म्हणाली. "बघ ने, किती वाढले तुझे. आता लाइव्ह कर. सगळे मागतात."

सुनितानं मनाची समजूत घातली. लाइव्हमध्ये आई बोलेल. बोलताना बघितली की लोकांना कळेल ही कोण आहे, मग कोण ओकतंय बघू. असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते अर्धं खरंही होतं.

रविवारी दुपारी तिनं सगळं मांडलं. सोमीनं हिरवं लुगडं नेसलं. जमना दारात येऊन बसली, चौथी शिकलेली, पाड्यावरचं कुठलंही भांडण बसून बघणारी.

"हे आजचं वेगळं हाय काय?" सोमीनं विचारलं.

"हे थेट आहे. तू जेवतेस तेव्हाच ते बघतात."

"आता?"

"आता. या घडीला."

"किती जण?"

सुनितानं बघितलं. "पाचशे आहेत. वाढतायत."

"पाचशे!" जमना म्हणाली. "सोमे, तुझ्या लग्नाला नव्हते एवढे."

"लग्नाला आलेले जेवून गेले होते," सोमी म्हणाली.

तिनं मोडलेला घास ताटात परत ठेवला. बाजूला पळसाचं एक पान मांडलेलं होतं. तिनं त्या पानाकडं बघितलं, टोपलीतल्या चार भाकरींकडं बघितलं. आत्तापर्यंत तिच्या लेखी बघणारे म्हणजे कुणीतरी, कुठंतरी, केव्हातरी. एका पानात ते भागत होते. आता पाचशे माणसं तिच्या ताटाभोवती उभी होती आणि ती बसून होती.

"खा ना," सुनिता हळूच म्हणाली. "थांबलेत सगळे."

"त्यांना काय घालू?"

"त्यांना काही नको गं. ते नुसते बघतात."

"नुसतं कोण बघील? भूक असल्याबिगर कोण दुसऱ्याच्या ताटात बघतं?"

पडद्यावर अक्षरं वर सरकत होती, एकावर एक. सोमीनं हनुवटीनं तिकडं खूण केली. "काय म्हणतात?"

"छान म्हणतात."

जमना पुढं सरकली होती. तिला अक्षरं जुळवायची हौस होती, एस.टी.वरच्या पाट्याही ती मोठ्यानं वाचायची. "खा... ना... म्ह... म्हातारे," तिनं वाचलं. "नाटक... बंद. उं... उंदीर... कधी... खा... णार. जंग..." ती थांबली. पुढचं तिनं मनात वाचलं, आणि पदर तोंडाला लावून गप्प झाली. जमनाला गप्प झालेलं पाड्यानं कधी बघितलं नव्हतं.

सोमी चिडली नाही. ती फोनकडं झुकली, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाली, "जेवलात काय? तुमच्या घरात वाढलं असंल ना? मग आपल्या ताटात बघा आणि जेवा." आणि तिनं हिरव्या लुगड्याचा पदर ओढून ताटावर घातला. झाकून टाकलं.

पडदा हसऱ्या चेहऱ्यांनी भरून गेला. सुनितानं हात लांबवून सगळं बंद केलं.

त्या दिवसापासून सोमी कुणाच्या समोर जेवली नाही. सुनिताला वाढायची आणि आपलं ताट घेऊन घरामागं जायची, लाकडांच्या रचाईच्या आड, भिंतीकडं तोंड करून. त्याआधी विचारायची, "फोन कुठं हाय?" सुनिता कितीही सांगो की नुसता ठेवलाय, काही बघत नाही तो; सोमी त्याच्यावर कोंबड्या झाकायची टोपली पालथी घालायची आणि मगच जायची. तरी ताट परत यायचं ते निम्मं भरलेलं.

"जेवण जात नाय," म्हणायची. "बघून गेलेत ते. त्यांचं राह्यलंय."

गळ्याची हाडं वर आली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एक दिवस वाडीत चिकूची टोपली डोक्यावर घेताना तिला घेरी आली. बरोबरच्या बायकांनी बसवलं, पाणी पाजलं, कासाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं जीभ बघितली, डोळे बघितले आणि विचारलं, जेवत नाही का? सोमीनं पदर गळ्याच्या हाडांवर ओढून घेतला, चोरी पकडली गेल्यासारखा.

सुनितानं त्याच संध्याकाळी चॅनेल काढून टाकलं. नक्की काढायचं का, असं फोननं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं हो म्हटलं.

"काढलं सगळं," ती आईला म्हणाली.

"मग आता कोण नाय बघत?"

सुनितानं खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण ते निघालं नाही. "एक आहे. शहरातला. त्याच्याकडं आहे अजून. ते मला काढता येत नाही."

"तो उपाशी हाय?"

"नाही गं. परातभर खातो. खातो आणि तुला बघून ओकायचं सोंग करतो."

सोमीनं विचार केला. "एवढं खाल्ल्यावर ओकणारच की," ती म्हणाली, आणि टोपली घेऊन फोनवर पालथी घातली.

किंजलला माईक परत दिला तेव्हा ती आधी म्हणाली, "वेडी आहेस." मग माईक पिशवीत टाकताना तिनं आत हात घालून कागदात बांधलेली जुडी काढली. सुके बोंबील होते, घरच्या दांडीवर वाळवलेले. "आईला दे. भाजून, लसूण लावून." आणि जीप सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "व्हिडिओ नको काढू."

परीक्षा तोंडावर आली होती. वेळापत्रक त्या दिवशी यायचं होतं, अर्थात फोनवरच. सोमीनं बोंबील निखाऱ्यावर भाजले. सुनिताला वाढलं, फोनवर टोपली घातली, आपलं जर्मनचं ताट उचललं आणि मागं गेली.

सुनिता थाळीपुढं बसली. बोंबलाचा करपलेला वास, लसूण. मागून काही आवाज येत नव्हता. आईला आवाज न करता जेवायची सवय लागली होती. पाखरू बिचकून दाणा टिपतं तसं, थांबत थांबत.

कुणी बघितलं म्हणून अडलंय हिचं, सुनिताच्या मनात आलं. पाचशे. लाख. तो परातवाला. चटणीवाला. पण एकेकानं किती बघितलं? क्षणभर, आणि अंगठा वर. मागं जाऊन पुन्हा, मागं जाऊन पुन्हा, असं कुणी बघितलं?

ती उठली. घराला वळसा घालून लाकडांपाशी गेली आणि आई व भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत, अंग चोरून, आईच्या समोर उकिडवी बसली.

सोमीनं ताटावर हात आडवा धरला. "इथं काय? जेव जा."

"मी बघितलंय," सुनिता म्हणाली.

"काय बघितलंस?"

"तुला जेवताना. सगळ्यात जास्त मीच बघितलंय. माझा घास राह्यलाय." आणि तिनं तळहात पुढं केला.

सोमीनं त्या हाताकडं बघितलं. मग म्हणाली, साध्या आवाजात, वाडीत किती टोपल्या झाल्या ते सांगावं तशी, "तुला किळस येते माझी."

सुनिताचा तळहात तसाच पुढं राहिला.

"कुत्रा रोज खेकडा खायला लागला, तेव्हाच कळलं मला. केवढा तुकतुकीत झालाय मेला."

"येते," सुनिता म्हणाली. डोळे भरले होते पण तिनं ते पुसले नाहीत, हात मागं घ्यावा लागला असता. "अजून येते."

"मग?"

"तरी दे."

सोमीनं भाकर मोडली. बोंबील कडक होता, तिनं दाताखाली धरून तोडला, काट्याचा भाग बाजूला थुंकला, जसा पोरगी तान्ही होती तेव्हा थुंकायची. उरलेलं भाकरीत दाबलं. बोटांनी नीट आवळलं. आणि तळहातावर न ठेवता सरळ तोंडाशी नेलं.

आईची बोटं ओठांना लागली. ओली होती. सुनिताच्या जिभेखाली ते पाणी सुटलं, पोटातून काहीतरी वर निघालं आणि छातीपाशी येऊन थांबलं. तिनं डोळे मिटले नाहीत. चावलं. बोंबील कुरकुरीत मोडला, आणि तो आवाज तिला आतून ऐकू आला, दोन्ही कानांच्या मध्ये. ओला, मोठा, जीभ टाळूला चिकटून सुटण्याचा. तोच आवाज. फक्त या वेळी तोंड तिचं होतं. ती चावत राहिली. गिळलं तेव्हा घोट उतरल्याचं आईलाही ऐकू गेलं असणार, कारण सोमीनं तेव्हाच आपला आडवा धरलेला हात काढला.

"राह्यला?" सोमीनं विचारलं. पोटात राहिला का, असं.

सुनितानं हो म्हणून मान हलवली. नक्की नव्हतं तिचं, पण हलवली.

सोमीनं मग स्वतःसाठी घास मोडला आणि तिच्या समोर, तिच्याकडं बघत, तोंडात घातला. बोंबलाचा काटा चोखला. पूर्वीसारखा, आवाज करून. सुनिता उठली नाही.

"नुसती बघत नको बसू आता," सोमी म्हणाली आणि ताट दोघींच्या मध्ये सरकवलं.

घरात टोपलीखाली फोन थरथरला. टोपलीला घासून थरथरल्यामुळं मोठा आवाज झाला, आणि अंगणातल्या कोंबड्या माना वर करून आत बघायला लागल्या. वेळापत्रक आलं असणार. बघायला हवं होतं. पण त्याआधी हात धुवावा लागला असता, आणि सुनिताचा हात ताटात होता. चाचपडताना बोटांना बोंबलाचा एक तुकडा लागला, काटे काढलेला. या वेळी तिनं तो तिथं कुणी ठेवला ते बघितलं होतं.